पगार एक तारखेला येते अन् वीस तारखेला संपते, बचत सुरू तरी कुठून करायची?

हुडकेश्वरची_ताई
९ फेब्रुवारी, रात्री ११:२०

नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहून राहिली, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही नागपुरात हुडकेश्वरला भाड्याने राहतो, घरात पाच जण, मी, हे, सासूबाई अन् दोन लेकरं. मोठा सहावीत, लहानी सात वर्षांची. ह्यांची हिंगणा एमआयडीसीत नोकरी आहे, पीएफ वगैरे कटून २७,४०० हातात येतात, माझं ब्लाऊज अन् फॉल-पिकोचं काम आहे त्याचे सरासरी चार हजार धरा, लग्नसराईत जास्त, पितृपक्षात नावाला. म्हणजे ३१,४०० झाले. दिवाळीला १४,००० बोनस.

दर वेळी ठरवतो की या महिन्यापासून दोन हजार बाजूला टाकायचेच, टाकतोही, अन् तिसऱ्या-चौथ्या महिन्यात काहीतरी अचानक उपटते अन् ते सगळे निघून जातात, वरून उसने घ्यावे लागतात ते वेगळेच. मागच्या जूनमध्ये माझे कानातले गहाण ठेवले होते, ते दिवाळीच्या बोनसमधून सोडवून आणले. म्हणजे बोनस पण गेला.

काल वही घेऊन बसली. भाडं ७,५००, किराणा ६,५००, दूध १,८६०, भाजी २,४००, सिलिंडर ९५०, लाइट बिल १,१००, गाडीचा हप्ता २,८५०, पेट्रोल २,२००, दोघांच्या व्हॅनचे १,६००, मोठ्याची ट्यूशन १,०००, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या ९००, तीन मोबाईलचे रिचार्ज ९००. बेरीज २९,७६०. म्हणजे १,६४० उरायला पाहिजे ना? पण तीस तारखेला माझ्या पर्समध्ये शे-दीडशेच्या वर कधीच नसते. बाकीचे जातात कुठे हेच समजत नाही.

एवढ्यात बचत होऊ शकते का, अन् होत असेल तर ठेवायची कुठे? भिशी, पोस्ट, की बँक? शेजारच्या काकू म्हणतात सोनं घ्या. हे म्हणतात पगार वाढल्यावर पाहू. पगार दोन वर्षांपूर्वी वाढला होता, तेव्हा आम्ही गाडी घेतली.


एसआयपीवाला_पोट्टा
९ फेब्रुवारी, रात्री ११:४१

ताई एकदम सिंपल आहे, म्युच्युअल फंडात महिन्याला ५०० रुपयांची एसआयपी सुरू करा, पगाराच्या दुसऱ्या दिवशी ऑटो डेबिट लावून द्या अन् विसरून जा. वीस वर्षांनी पाहा किती होतात ते. उशीर कराल तेवढं नुकसान.


कच्चा_हिशोब
१० फेब्रुवारी, सकाळी ७:०५

वरच्या भावाला एवढंच सांगतो की वीस वर्षांच्या आधी जून महिना येते.

ताई, वही घेऊन बसल्या इथेच अर्धं काम झालं, आमच्या घरी वही निघायला लग्नानंतर नऊ वर्षं लागली. पण तुमच्या वहीत काय नाही ते पाहा बरं. लेकरं शाळेत आहेत, व्हॅन लिहिली, ट्यूशन लिहिली, फी कुठाय? वर्षाचा गहू कुठाय? लाइट बिल १,१०० लिहिलं ते आताचं, थंडीतलं, मे महिन्यात कूलर दिवसरात्र चालतात तेव्हा किती येते?

तुम्ही लिहिलं ना 'अचानक', मी पण हेच म्हणायचो. मग एकदा बायकोसोबत बसून मागच्या दोन वर्षांचे सगळे अचानक खर्च आठवून आठवून एका कागदावर काढले, अन् खरं सांगतो, हसू आलं. कूलरची मोटर. पुस्तकं-ड्रेस. साळ्याचं लग्न. महालक्ष्म्या. गाडीचा इन्शुरन्स. आता नागपुरात उन्हाळा अचानक येते का? महालक्ष्म्या तर कालनिर्णयावर वर्षभर आधी छापलेल्या असतात, तरी सोळा भाज्यांची यादी घेऊन बाजारात उभं राहिल्यावर आम्हाला धक्का बसायचा. साळ्याची सोयरीक सहा महिने आधी झाली होती अन् आहेराचे पैसे मी आदल्या रात्री मित्राकडून घेतले. खरं अचानक त्या दोन वर्षांत एकच निघालं, आई बाथरूममध्ये घसरली ते.

तर एक कागद घ्या, बारा रकाने पाडा, अन् ज्या महिन्यात जो मोठा खर्च ठरलेला आहे तो त्यात लिहा. तुमचं अंदाजे मीच लिहून पाहिलं, चुकलं तर सुधारा. एप्रिलमध्ये गहू ५,०००, कूलरच्या ताट्या (बाजूच्या गवती जाळ्या) अन् मोटर १,५००, उन्हाळ्याचे तीन महिने लाइट बिलाचे जास्तीचे मिळून ६,०००, जूनमध्ये दोघांची फी २४,००० अन् पुस्तकं-ड्रेस-बूट ७,०००, राखी अन् भाऊबीज मिळून २,५००, महालक्ष्म्या ४,०००, दिवाळी ८,०००, गाडीचा इन्शुरन्स अन् सर्व्हिसिंग ३,०००, लग्नाचे आहेर अन् जाणंयेणं ५,०००. झाले ६६,०००. भागिले बारा, महिन्याचे ५,५००.

अन् वहीत उरतात १,६४०. म्हणजे महिन्याला ३,८६० चा खड्डा, वर्षाचा ४६,३२०, त्यातून बोनस वजा केला तरी ३२,३२० कमीच. हे ३२ हजार म्हणजेच तुमचे कानातले. तुम्ही दोन हजार बाजूला टाकत होत्या ती जूनची फी होती, फक्त तुम्ही तिला बचत म्हणत होत्या म्हणून ती मोडली की जिवाला लागायचं.

अजून एक. साहेबांचा पीएफ कटते म्हणता, मग तुमच्या घरात बचत चालूच आहे. पासबुक उमंग ॲपवर दिसते, एकदा दोघांनी सोबत उघडून पाहा, बरं वाटेल. तो टिकला काऊन? कारण हातात येतच नाही. फक्त नोकरी बदलली की काढून खाऊ नका, ट्रान्सफर करा.

गाडीचे हप्ते किती राहिले?


मारबत_भक्त
१० फेब्रुवारी, सकाळी ८:३०

ईडा पीडा, हप्ते-बिप्ते घेऊन जा गे मारबत!! 😄 सॉरी ताई, मारबतीच्या मिरवणुकीतली आरोळी आहे, राहवलं नाही. वाचून राहिलो, माझी पण हीच हालत आहे.


सुटलेला_खर्रा
१० फेब्रुवारी, दुपारी १:१२

वहिनी राग मानू नका, एक विचारतो. भाऊ खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, खातात का?

मी अकरा वर्षं खाल्ला. दिवसाचे तीन. घरी सांगताना एक. हे पैसे कोणत्याच वहीत येत नाहीत कारण पानठेल्यावर रोज सुट्टे जातात, अन् सुट्टे पैसे म्हणजे माणसाला पैसेच वाटत नाहीत. वरून आता ठेल्यावर पण स्कॅनर लागला, म्हणून मले स्वतःलेच मोबाईलमध्ये दिसलं. एक दिवस बसल्या बसल्या महिन्याचे सगळे पंचवीस-पंचवीस मोजले अन् २,२५० निघाले. तेवढ्यात पोरीची व्हॅन अन् वरून एक सिलिंडर येते. सोडला त्याचं कारण पैसे नव्हतं, तोंड उघडेना म्हणून डॉक्टरनं घाबरवलं, पण पैसे वाचले हे खरं. तुमचे १,६४० कुठं गेले ते शोधून राहिल्या ना, पहिले तिथं पाहा. भांडण करू नका फक्त, भांडल्यानं मी उलट जास्त खायचो.


हुडकेश्वरची_ताई
१० फेब्रुवारी, रात्री १०:४८

कच्चा हिशोब दादा, तुमचं वाचून मी अन् सासूबाई दोघी गप्प झालो. फी लिहायची खरंच राहिली, कारण ती 'महिन्याची' नाही ना. तुमचा अंदाज जवळपास बरोबर आहे, फी थोडी कमी आहे पण आहेर जास्त लागतात, यांच्याकडे चुलत भावंडंच सोळा आहेत. ६६ हजारच धरा. गाडीचा शेवटचा हप्ता ऑक्टोबरमध्ये.

अन् खर्रावाले दादा, रात्री जेवताना सहज विचारलं. आधी नाही म्हणाले, मग म्हणाले कधीमधी. मग सासूबाई म्हणाल्या, "खोटं काऊन बोलतं रे, रोज खिशात पन्नी सापडते मले धुताना." 😅 दिवसाचे दोन, पंचवीसचा एक. म्हणजे १,५०० झाले. १,६४० मधून १,५०० गेले की १४० राहतात, अन् माझ्या पर्समध्ये शे-दीडशेच राहतात. हिशोब एवढा तंतोतंत जुळेल असं वाटलं नव्हतं. भांडली नाही. थोडीशीच.


पोस्टातला_काका
११ फेब्रुवारी, सकाळी ६:१५

ताई, मी पोस्टाच्या बचत काउंटरवर आयुष्य काढलं, आता रिटायर आहे, म्हणून ठेवायचं कुठे एवढ्यापुरतं बोलतो.

आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेला हप्ता भरायची ठेव, महिन्याला १०० रुपयांपासून उघडता येते. पाच वर्षांची असते, ६० हप्ते. व्याज ऑक्टोबर २०२३ पासून ६.७ टक्के आहे. सरकार दर तीन महिन्यांनी दर ठरवते, पण तुम्ही उघडली त्या दिवशीचा दर तुमच्या खात्याला शेवटपर्यंत राहतो. हजाराची आरडी असेल तर भरले जातात ६०,००० अन् हातात येतात ७१,३६६. लोकांना हे फार वाटत नाही, पण मी किती तरी बायका पाहिल्या ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाची एवढी रक्कम त्या काउंटरवर पाहिली.

खातं एक ते पंधरा तारखेत उघडलं तर दर महिन्याचा हप्ता पंधरापर्यंत, नंतर उघडलं तर महिनाअखेरपर्यंत. तुमचा पगार एक तारखेला येतो तर पहिल्या आठवड्यातच उघडा, म्हणजे पैसे घरात रेंगाळत नाहीत. हप्ता चुकला तर शंभरामागे महिन्याला १ रुपया दंड. चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं, मग दोन महिन्यांच्या आत थकलेले भरून चालू करावं लागतं. म्हणून जोशात दोन हजाराची उघडण्यापेक्षा पाचशेच्या दोन उघडा, अडचण आली तर एकच थकेल, दुसरी वाचेल. ही युक्ती आमच्या काउंटरवर इतवारीचे हमाल लोक वापरायचे. वर्षभराचे बारा हप्ते नीट भरले की जमा रकमेच्या निम्मं कर्जही मिळतं, खातं मोडावं लागत नाही.

घरी येणाऱ्या आरडीवाल्या एजंट ताईंकडे दिलं तरी चालतं, त्यांचं कमिशन सरकार देतं, तुमच्याकडून एक पैसाही लागत नाही. पण दोन-तीन महिन्यांनी पासबुकात एंट्री स्वतः पाहायची. कार्डावर सही झाली म्हणजे पोस्टात भरले असं नाही, पासबुक तेच खरं.

लहानी सात वर्षांची आहे म्हणता, मग सुकन्या समृद्धीचं एक खातं आजच डोक्यात ठेवा. मुलीचं वय दहा व्हायच्या आतच उघडता येतं, नंतर कितीही पैसे असले तरी नाही. वर्षाला फक्त २५० भरले तरी खातं जिवंत राहतं, जास्तीत जास्त दीड लाख. व्याज जानेवारी २०२४ पासून ८.२ टक्के. पंधरा वर्षं भरायचं, खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी पूर्ण होतं, मुलगी अठराची झाली की शिक्षणाला निम्मे काढता येतात. आता अडीचशे टाकून दार उघडं ठेवा, हात सैल झाला की वाढवा.

अन् पगार आणणारा माणूस एक आहे, म्हणून बँकेत जाऊन वर्षाचे २० रुपयेवाला अपघाती विमा अन् ४३६ रुपयेवाला जीवन विमा, दोन्ही पंतप्रधान योजनेतले, फॉर्म भरून द्या. दोन-दोन लाखांचे आहेत. आणि नॉमिनी. पेटीत सापडलेलं नवऱ्याचं पासबुक पदरात गुंडाळून आणणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, नॉमिनीचा रकाना कोरा. मग दाखले, सह्या, चकरा. तो रकाना भरायला पैसे लागत नाहीत.


भिशी_नंदनवन
११ फेब्रुवारी, दुपारी ३:२०

काका बरोबर आहेत पण भिशीला कोणी विचारत नाही म्हणून मी बोलते. आमची बारा जणींची भिशी आहे, हजाराची, आठ वर्षं झाली, एकदाही गडबड नाही. दर महिन्याच्या दहा तारखेला एकीकडे जमतो, चिठ्ठी निघते, चिवडा-चहा होते. हिशोब सोपा आहे, पहिली चिठ्ठी लागली तर बिनव्याजी कर्ज, शेवटची लागली तर बिनव्याजी बचत. व्याज नाही हे मान्य, पण पोस्टाचा हप्ता चुकला तर एक रुपया दंड, अन् भिशीचा चुकला तर अकरा जणी विचारतात, "काय गं, काय झालं?" त्या भीतीनेच पैसे बाजूला पडतात.

अन् ताई तुमच्यासाठी खास, आमच्यात चिठ्ठी न काढता नंबर मागून घेता येते. मी दर वर्षी जूनचा मागते. बाकीच्या देतात, कारण त्यांना दिवाळी नाहीतर लग्नाचा महिना पाहिजे असते. माझी फी भिशीतूनच जाते.


दुधाने_पोळलेला
११ फेब्रुवारी, सायंकाळी ६:५५

मैत्रिणींच्या भिशीचं ठीक आहे. पण लिलावाची भिशी, जिथे एकच माणूस चालवते अन् आपण बाकीच्या मेंबरांना ओळखत पण नाही, तिथून लांब राहा. मी तीन वर्षांपूर्वी १८,००० घालवले. चालवणारा रोज सकाळी मंदिरात दिसायचा, आता मंदिरात देव तेवढा राहिला. अशा भिशीसाठी, म्हणजे चिट फंडासाठी, १९८२ चा कायदा आहे, नोंदणी लागते, पण आपण विचारत नाही कारण ओळखीचा आहे, विचारलं तर वाईट वाटेल. मला पण वाईटच वाटणार होतं त्याला.

पतसंस्थेचं पण समजून घ्या. बँकेत ठेवलेल्या पैशाला प्रत्येक बँकेमागे ५ लाखांपर्यंत ठेव विमा असते, २०२० च्या फेब्रुवारीपासून, त्याआधी १ लाखच होता. सहकारी बँकेलाही तो असते. पण पतसंस्था म्हणजे बँक नाही, तिथल्या ठेवीला हा विमा नाही. बोर्डावर दोन टक्के जास्त दिसले की आपण ते दोनच टक्के पाहतो. आमच्या सासऱ्यांचे अजून अडकून आहेत.


काटोलची_माय
११ फेब्रुवारी, रात्री ९:१०

मी पोरीच्या मोबाईलवरून लिहून राहिली. तुमचं पगाराचं ऐकून बरं वाटलं, आमच्याकडं पगार नाही, संत्र्याचा पैसा येते तो आंबिया बहार झाला तर एकदा अन् मृग बहार धरला तर एकदा, अन् एखाद्या वर्षी गारपीट झाली की तोही नाही. म्हणून ते बारा रकान्याचं जे दादांनी सांगितलं ते शेतकऱ्याच्या घरी कागदावर नसते, डोक्यातच असते. पैसा हातात आला की पहिले बी-खत, मग पोरांचं, मग किराणा वर्षाचा, राहिलं तर लुगडं.

आमचा बचत गट आहे, बारा बायका, महिन्याचे २०० भरतो. त्यातूनच गरजेले कर्ज, महिन्याले शेकडा दोन. बाहेर सावकार पाच घेते. अन् दोन रुपये जे जाते ते आपल्याच गटात राहते. रजिस्टर मी लिहिते, सातवी शिकली. दर मीटिंगले वाचून दाखवा लागते, कोणाचे किती, कोणावर किती, सगळ्याइसमोर. त्याच्यानं कोणाची हिंमत होत नाही. तुमच्या गल्लीत दहा बायका असतील तर काढा गट, शिवणकामाले मोठी मशीन घ्याची असली तर पुढं बँकेचं कर्ज पण गटाले मिळते.


मानेवाडा_बुटीक
१२ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

सगळे खर्च कमी करायलाच सांगून राहिले, कोणी हे विचारलंच नाही की ताई तुम्ही ब्लाऊजचे किती घेता? अस्तरवाल्याचे?


हुडकेश्वरची_ताई
१२ फेब्रुवारी, दुपारी २:०४

३०० घेते. तीन वर्षांपासून तेवढेच. सगळ्या ओळखीच्याच आहेत, वाढवायला लाज वाटते.


मानेवाडा_बुटीक
१२ फेब्रुवारी, दुपारी २:२०

अगं माझ्याकडे ४५० आहे अन् रांग लागते. सुई-धागा, अस्तर, मशीनचं तेल, लाइट, तीन वर्षांत कशाचा भाव तोच राहिला? एकदम दीडशे नको वाढवू, आता लग्नसराई तोंडावर आहे, ५० वाढव. एक कागद लिहून मशीनच्या वर चिकटव, एक मार्चपासून नवीन दर. तोंडानं सांगितलं की लोक घासाघीस करतात, कागदाशी कोणी करत नाही. महिन्याला पंधरा ब्लाऊज होत असतील ना?


हुडकेश्वरची_ताई
१२ फेब्रुवारी, दुपारी २:२६

होतात पंधरा. म्हणजे साडेसातशे.

कोणी लाडकी बहीणचं विचारायच्या आधीच सांगते, आमचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर जाते, बसत नाही त्यात.


कच्चा_हिशोब
१२ फेब्रुवारी, रात्री १०:३३

थांबा थांबा, मी जुळवून पाहिलं. आज खरे उरतात १४०. साहेबांनी दोनचा एक खर्रा केला तर ७५० वाचले, म्हणजे ८९०. (पूर्ण सोडतील हे मी धरत नाही, मी पण माणूस आहे.) ब्लाऊजचे ७५० आले, १,६४०. म्हणजे वहीतला आकडा आता खरा झाला. नोव्हेंबरपासून गाडीचा हप्ता संपला की २,८५० मोकळे, झाले ४,४९०.

वर्षाच्या ठरलेल्या खर्चाला लागतात महिन्याला ५,५००, पण त्यात बोनसचे १४,००० टाकले की महिन्याचे ४,३३३ च लागतात. ४,४९० मधून ४,३३३ गेले. उरले १५७.

ताई, १५७ रुपये. हसू नका. नोव्हेंबरनंतर तुमचं घर पहिल्यांदा कोणाचे उसने न घेता वर्ष काढेल अन् वरून १५७ राहतील, अन् काकांनी सांगितलंच आहे की आरडी शंभराची पण असते. अट एकच, गाडीचा हप्ता संपला हे कोणाला कळू द्यायचं नाही, विशेषतः साहेबांना. त्याच तारखेला तेवढेच २,८५० दुसऱ्या खात्यात जायला पाहिजेत, ज्याचं एटीएम कार्ड घरी नाही.

यंदाचा जून मात्र जड जाणारच, खोटं कशाला सांगू. मार्च ते मे तीन महिन्यांचे जमून पाचेक हजार होतील, अन् एप्रिलमध्ये गहू अन् कूलर त्यातूनच. शाळेत आत्ताच जाऊन विचारा फी दोन-तीन हप्त्यांत चालेल का, मे महिन्यात सगळे जातात तेव्हा ऐकत नाहीत. तरी कमी पडलेच तर कानातले पुन्हा बँकेत ठेवा पण ते मोबाईलवर पाच मिनिटांत पैसे देणारे ॲप असतात ना, त्यांच्या नादी लागू नका.


एसआयपीवाला_पोट्टा
१२ फेब्रुवारी, रात्री ११:०२

ओके मान्य. माझं लग्न झालं नाही म्हणून जून माहीत नव्हता. 😄 पण नोव्हेंबरनंतर दोन-तीन वर्षांनी पगार वाढला तर एसआयपीचं बोलू आपण, तेव्हा नाही म्हणू नका.


शेजारची_काकू_टाईप
१३ फेब्रुवारी, सकाळी ११:१५

सोन्याचं कोणी बोललंच नाही. मी धनत्रयोदशीला इतवारीतून दर वर्षी एक ग्रॅम घेते. पण दागिना घेत नाही हो, घडणावळ जाते अन् मोडताना ती परत येत नाही. वेढणी, म्हणजे साधं वळं, नाहीतर नाणं. ३ टक्के जीएसटी मात्र त्यावरही लागते. अन् खरं सांगायचं तर मी ते बचत म्हणून घेतच नाही, घ्यायला आवडते म्हणून घेते.


हुडकेश्वरची_ताई
१९ एप्रिल, रात्री ९:४०

सगळ्यांनी विचारलं होतं म्हणून सांगते, उशीर झाला, लग्नाचे ब्लाऊज सुरू होते. ३५० चा कागद चिकटवला. दोघीजणी कुरकुरल्या, एक गेली, चार नवीन आल्या. बारा रकान्याचा कागद फ्रिजच्या दाराला लावला, मोठा रोज वाचते अन् मला विचारते, "मम्मी, माझ्या टूरचा रकाना कुठाय?" तो पण टाकावा लागला, जानेवारीत, १,२००. म्हणजे महिन्याचे शंभर गेले दादा, तुमच्या १५७ मधले ५७ राहिले.

शाळेनं तीन हप्ते दिले. एक चेकने आधी भरायचा, दोन दिवाळीपर्यंत.

सुकन्याचं खातं उघडलं २५० चं. काउंटरवरच्या मॅडमने फॉर्मवर लहानीचं नाव लिहिलं तर ती म्हणे मी पण सही करते, तिला समजावून सांगितलं की अजून अकरा वर्षं थांब. नॉमिनी सगळीकडे भरले, ह्यांच्या पीएफमध्ये अजून सासऱ्यांचंच नाव होतं, ते जाऊन सहा वर्षं झाली.

खर्रा एकावर आला नाही, दीडवर आला. म्हणजे मित्रासोबत अर्धा वाटून. मी काही बोलली नाही.

अन् एक गंमत. काल दुपारी गल्लीत ताट्यावाला आला, ४३ टेम्परेचर, कूलर नुसता गरम हवा फेकून राहिला होता. दर वर्षी मी ह्यांना फोन करते, हे म्हणतात पगार होऊ दे, मग आम्ही मेच्या पाच-सहा तारखेपर्यंत तसेच भाजतो. काल मी आत गेली, 'एप्रिल' लिहिलेल्या पाकिटातून पैसे काढले अन् तीनही ताट्या भरून घेतल्या, खसच्या. सासूबाई कूलरसमोर खुर्ची टाकून बसल्या त्या उठेचनात.


मारबत_भक्त
१९ एप्रिल, रात्री १०:०२

ताई खसच्या तीन ताट्या कितीला पडल्या? अन् तो ताट्यावाला दिघोरीकडे येते का, नंबर असेल तर मेसेज करा, आमच्याकडे कालपासून भट्टी झाली आहे.